होबोंच्या जंगलात भांडी घासताना

भुसावळ
जुलैअखेर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा न लावता, म्हणून तिसरी खेप पडली. अमेरिकेत, आयोवातल्या एम्स गावच्या खोलीतून रात्री मालगाड्या मोजतेस आणि परवा एकशे बेचाळीसपर्यंत जाऊन झोप लागली, हे वाचून हसू आलं. बाप इंजिनात, काका शेवटी गार्डच्या ब्रेकयानात. मधल्या वॅगन मोजायचं काम तुझ्याच वाट्याला यायचं होतं. फाटकापाशी भोंगा दोन लांब, एक आखूड, एक लांब असा वाजतो हे तू लिहिलंस आणि माझ्या कानात तो लगेच वाजला. तिकडे सगळीकडे तसाच असतो.

पत्राच्या शेवटी, कुणी वाचू नये अशा बेताने, तू दोन गोष्टी लिहिल्यास. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी ब्रिट गावी होबोंच्या, म्हणजे मालगाड्यांतून फुकट हिंडणाऱ्या कामकऱ्यांच्या, मेळाव्याला जायचं आहे, ही एक. आणि तिथून कुणाच्या तरी सोबतीने मालगाडीत चढून ‘एक टप्पा तरी’ जाऊन बघायचं आहे, ही दुसरी. वर, बाबांना सांगू नका. सांगणार नाही. पण पहिलीला माझा होकार आहे आणि दुसरीला साफ नकार. दोन्हींची कारणं मला एकाच ठिकाणी मिळाली, त्या ब्रिटमध्येच, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

मी तिथे गेलो निवृत्तीनंतर. थोरली तेव्हा मिनेसोटात रॉचेस्टरला होती. जावई म्हणाले, बाबा, तुम्हाला रेल्वेची एक जत्रा दाखवतो. मला वाटलं जुनी वाफेची इंजिनं असतील, तिकीट काढून एखादी फेरी मारतील. तसलं काही नव्हतं. तू एम्सहून निघालीस की पस्तीस नंबरचा हायवे धरून उत्तरेला क्लिअर लेकपर्यंत, मग अठरा नंबरच्या रस्त्याने पश्चिमेला. गार्नर ओलांडलं की ब्रिट. दोन्ही बाजूंना मका, ऑगस्टात माणूस बुडेल एवढा, आणि मध्येच धान्याची उंच कोठारं. गाव दोन हजार वस्तीचं. आपलं बोदवड त्याच्यापुढे शहर वाटेल.

एवढ्याशा गावाने होबोंना का बोलवावं? १९०० साली गावातल्या दोन-तीन खटपट्या मंडळींच्या वाचनात आलं की होबोंची एक युनियन आहे आणि तिच्या बैठका होतात. त्यांनी बोलावणं धाडलं. हेतू साधा: मोठ्या शहरांना जमतं ते आम्हालाही जमतं, हे पेपरात छापून यावं. त्या ऑगस्टात मेळावा झाला, पेपरवाले आले, आणि मग कित्येक वर्षं सगळं थंड. १९३३ मध्ये, मंदीच्या ऐन कडाक्यात, तो पुन्हा सुरू झाला आणि तेव्हापासून दर ऑगस्टात भरतो. म्हणजे जाहिरातीसाठी सुरू केलेली गोष्ट पुढे खरी झाली. असं क्वचित होतं.

युनियनचं नाव ‘टुरिस्ट युनियन नंबर ६३’. सुरुवातीला जमले ते त्रेसष्ट जण होते म्हणून ६३, असं तिथे सांगतात. नाव ऐकून मी हसलो होतो; होबो आणि टुरिस्ट? पण त्यात मोठी गोम आहे. त्या काळी अमेरिकेत हाताला काम नाही, राहायला जागा नाही आणि खिशात पैसे नाहीत, एवढ्या कारणावर माणसाला तुरुंगात टाकता येई. जॅक लंडन हा लेखक १८९४ मध्ये असाच भटकत नायगाराला गेला, धबधबा बघितला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रस्त्यावर पकडला गेला. तीस दिवसांची सजा. बाजू मांडायलाही मिळाली नाही. तेव्हा खिशात युनियनचं कार्ड असलं की निदान ‘मी कुणीतरी आहे’ असं पोलिसाला म्हणता येई. तसले कायदे थेट १९७२ पर्यंत टिकले. त्या वर्षी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहराचा कायदा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रद्द केला, आणि मग बाकीच्यांचे पाय लटपटले.

आता ‘होबो’ हा शब्द. तो कुठून आला हे कुणालाच खात्रीने ठाऊक नाही, तुला तिथे चार जण चार व्युत्पत्ती सांगतील, चारही ऐकून घे. अर्थाबद्दल मात्र ती मंडळी फार काटेकोर आहेत. होबो म्हणजे कामासाठी हिंडणारा. हिंडतो पण काम टाळतो तो ट्रॅम्प. ना हिंडतो, ना काम करतो तो बम. यातला चुकीचा शब्द चुकीच्या माणसाला लावलास तर शेकोटीपाशी तुझी जागा गेलीच म्हणून समज. माझ्या जावयाने पहिल्याच तासात हा गोंधळ घातला होता. बिचारा नंतर दोन तास गाडीत जाऊन बसला.

हे काम म्हणजे काय, तेही नीट समजून जा. १८६५ साली यादवी युद्ध संपलं, सैनिक मोकळे झाले आणि त्याच सुमाराला रूळ पश्चिमेकडे पळत सुटले. रूळ टाकायला माणसं लागली, जंगलं तोडायला लागली, हिवाळ्यात तळ्यातला बर्फ कापायला लागली. सगळ्यात जास्त लागली ती गव्हाला. टेक्सास-ओक्लाहोमाकडे गहू आधी पिकतो, मग कॅन्ससला, मग वर डाकोटापर्यंत. पीक जसं उत्तरेला सरके, तसा कापणीवाला मालगाडीच्या टपावर बसून उत्तरेला सरके. १९१५ मध्ये या शेतमजुरांची एक जोरकस संघटना उभी राहिली, आय. डब्ल्यू. डब्ल्यू. या मोठ्या कामगार संघटनेची शाखा, पुष्कळ ठिकाणी त्यांचं लाल कार्ड दाखवलं की गाडीवरचा ब्रेक्समन गाडीतून उतरवत नसे. मग शेतात कापणी-मळणीची यंत्रं आली आणि एवढ्या हातांची गरजच उरली नाही.

तुला इथे बीडचे कोयते आठवतील. आठवू देत, ती तुलना मला पटते. दोन्हीकडे पिकामागे माणूस जातो आणि गावातला माणूस त्याच्याकडे संशयाने बघतो. वारीशी मात्र तुलना करू नकोस. आपल्या मंडळींना परदेशात चार माणसं एका दिशेने चालताना दिसली की वारी आठवते. वारकऱ्याला पंढरपूर माहीत असतं, आणि परत यायला घर असतं.

मंदीच्या काळात घर सोडून निघालेल्यांमध्ये पोरंच फार. वीस वर्षांच्या आतली अडीच लाख मुलं त्या वर्षांत रुळांवर होती असा अंदाज नेहमी सांगितला जातो. त्यात मुलीही होत्या, बऱ्याच जणी पुरुषी कपडे घालून. मेळाव्यात हे ऐकताना तुला अंगावर काटा येईल, यायलाच हवा, पण त्याला लगेच ‘काय ते स्वातंत्र्य’ म्हणून डोक्यावर घेऊ नकोस. घरात खाणारी तोंडं कमी व्हावीत म्हणून निघालेलं पोर होतं ते.

शिवाय रुळांवर सगळे सारखे होते ही थाप आहे. मार्च १९३१ मध्ये टेनेसीतून निघालेल्या एका मालगाडीत गोऱ्या आणि काळ्या पोरांची मारामारी झाली. अलाबामात पेंट रॉक या ठिकाणी गाडी थांबवून नऊ काळी पोरं उतरवली गेली. सगळ्यात लहान तेरा वर्षांचा. त्याच गाडीतल्या दोन गोऱ्या बायकांवर बलात्काराचा खोटा आळ त्यांच्यावर आला, आणि पंधरवड्यात आठ जणांना फाशीची शिक्षाही झाली. फाशी टळली, पण काहींची कित्येक वर्षं तुरुंगात गेली. स्कॉट्सबरो खटला म्हणून तुझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ढीगभर सापडेल. ब्रिटला जायच्या आधी तेवढा वाच. शेकोटीपाशी कुणी ‘आमच्यात सगळे भाऊ’ म्हणालं तर वाद घालू नकोस. पण आपल्या रंगाच्या माणसाने ही गोष्ट जाणून तिथे बसावं.

आता मेळाव्याचं. गावात दोन मेळे असतात. एक गावाचा: मिरवणूक, पाळणे, खाण्याच्या गाड्या. तो आपल्या कुठल्याही उरुसासारखा, पटकन बघून हो. दुसरा रुळाशेजारच्या मोकळ्या जागेत, तिला ते ‘जंगल’ म्हणतात. झाडं आहेत थोडी, पण जंगल नव्हे. पूर्वी स्टेशनापासून जरा दूर, पाणी जवळ, पोलिसांच्या नजरेआड अशा जागी होबो मुक्काम करायचे, त्याला हा शब्द. आता तिथे एक जुना बंद डबा कायमचा उभा आहे, तंबू पडतात, आणि मधोमध शेकोटी. ती पेटवायचाही विधी आहे: चारी दिशांच्या वाऱ्यांना नमस्कार करून मग काडी लावतात. जमल्यास गुरुवारी संध्याकाळीच पोच.

मला ते जंगल बघून पहिल्यांदा काय आठवलं सांगू? रनिंग रूम. तुझ्या बाबांना विचार. दुसऱ्या गावी गाडी सोडली की रात्री तिथे पडायचं, अनोळखी माणसाच्या शेजारच्या खाटेवर. नियम भिंतीवर लिहिलेले असतात, पण खरे नियम वेगळेच. झोपलेल्याच्या पायाशी दिवा लावू नये. आपण वापरलेलं पातेलं पुढच्यासाठी घासून ठेवावं. जंगलाचा नियमही अक्षरशः तोच: भांडं घासून पालथं ठेव, जेवढी लाकडं जाळलीस तेवढी गोळा करून ठेव, शेकोटीत कचरा टाकू नकोस. त्यांची १८८९ सालची आचारसंहिता म्हणून एक यादी तिथे मिळते. ती आण. त्यात दोन कलमं आहेत, ती मी गार्ड म्हणून दोनदा वाचली: गाडीतून जाताना स्वतःला त्या गाडीच्या कर्मचाऱ्यांपैकीच एक समजा आणि यार्डात त्रास देऊ नका, कारण तुमच्या मागून दुसरा होबो येणार आहे. फुकट्या प्रवाशांसाठी एवढा सरळ नियम मी आमच्या नियमावलीतही वाचला नव्हता.

जंगलाची चूल आणि कॉफी सांभाळणारा एक जण असतो, त्याला ‘क्रंब बॉस’ म्हणतात. मी गेलो तेव्हा तो ऐंशीच्या पुढचा असावा. मी आणि माझं इंग्रजी, दोघेही बाजूला उभे. बोलायचं काय? म्हणून बाह्या वर केल्या आणि घासायला पडलेली भांडी ओढली. पातेल्याचं बूड इतकं काळं की राख आणि वाळू हवी होती. मी हाताने खूण केली, त्याने शेकोटीच्या कडेची राख फावड्याने सरकवली. आपण घरी घासतो तशीच राखेने घासली. तिसऱ्या भांड्याला त्याने विचारलं, काम काय करायचास? म्हटलं, मालगाडीवर गार्ड, बत्तीस वर्षं. त्याने हातातलं फावडं टाकलं आणि मोठ्यांदा ओरडला, “शॅक!” आजूबाजूचे सगळे बघायला लागले. मी घाबरलो. मग जावयाने विचारून सांगितलं, शॅक म्हणजे त्यांच्या भाषेत ब्रेक्समन, गाडीवरचा माणूस, होबोला खाली ढकलणारा. साठ-सत्तर वर्षं ज्यांच्यापासून पळाला, त्यांतला एक त्याची भांडी घासत होता. त्याला इतकं हसू आलं की खोकला लागला.

मग त्याने विचारलं, किती जणांना उतरवलंस?

पोरी, हे मी तुझ्या बाबांनाही सांगितलेलं नाही. नोकरीत बरीच वर्षं झाल्यावरची गोष्ट. कुठलं स्टेशन ते जाऊ दे. बाजूच्या लूप लाईनला गाडी उभी, पावसाळा, रात्रीचे अडीच. दिवा घेऊन गाडी बघत पुढे गेलो तर दोन वॅगनच्या मध्ये, कपलिंगच्या वर, एक पोरगा पोतं पांघरून बसलेला. पंधरा-सोळाचा. उतरवायला हवं होतं. नियम तोच, आणि ते माझंच काम. पण पाऊस होता, तो थरथरत होता, पुढच्या जंक्शनला उतरतो म्हणाला. मी म्हटलं, घट्ट बस. माझं पुण्य.

आता तू इंजिनिअरिंगची, तर हे ऐक. दोन वॅगनच्या जोडणीत काही इंच मोकळी जागा असते. एका जोडणीत काही नाही. पण शंभर वॅगनची मिळून कित्येक फूट होते. इंजिन हलतं तेव्हा सगळी गाडी हलत नाही. आधी पहिली जोडणी ताणते, मग दुसरी, मग तिसरी. तो कड्कड् आवाज इंजिनाकडून मागे पळत येतो आणि जसा मागे येतो तसा झटका वाढतो, कारण तोवर पुढच्या वॅगनांनी वेग घेतलेला असतो. ब्रेकयानातला गार्ड तो आवाज कानाने मोजतो. जवळ आला की आधी दांडी धरायची, मग चहा वाचवायचा. हे शिकायला मला दोन वर्षं आणि एक दात लागला. त्या पोराला कुणी शिकवलं होतं? गाडी सुटली, आवाज माझ्याकडे पळत आला, मी दांडी धरली. तो वाचला. डावा पाय गुडघ्याखालून गेला.

हे मी मोडक्या इंग्रजीत, अर्धं जावयाकडून, त्या म्हाताऱ्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. मला वाटलं आता काही तरी शहाणपणाचं बोलेल, म्हाताऱ्यांना सवय असते, मला आहेच. त्याने फक्त पुढचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

तर हा माझा नकार. आणि तिकडचं गणित आपल्याहून वाईट आहे. आपल्या बॉक्सएन, म्हणजे कोळशाच्या उघड्या वॅगनच्या, गाडीला अठ्ठावन्न डबे. तिकडे दीडशेही लागतात, दोन-अडीच किलोमीटर लांब, आणि कधी इंजिन मध्येही लावलेलं असतं, पुढच्या ड्रायव्हरच्या हुकमाने रेडिओवरून चालणारं. म्हणजे झटका कुठल्या बाजूने येईल तेही कळत नाही. पूर्वी वाफेच्या इंजिनाला पाण्यासाठी सारखं थांबावं लागे, तिथे माणूस चढे-उतरे. डिझेल आल्यावर ते थांबेच गेले. बंद डबे कमी होऊन कंटेनर आले, त्यात माणसाला बसायला जागा नाही. ब्रिटमध्ये खरोखर आयुष्यभर मालगाडीने फिरलेली माणसं भेटतील, आणि त्यातल्या एकानेही मला ‘तूही करून बघ’ म्हटलं नाही. जो म्हणेल त्याच्यापासून दूर राहा, तो होबो नाही.

दुसरं कारण रुक्ष आहे पण सांगून ठेवतो. तू एफ-१ व्हिसावर आहेस. रेल्वेच्या हद्दीत पकडली गेलीस तर तिथल्या पोरांना दंड होईल आणि ती हसत घरी जातील. तुला पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ या रकान्यात हो लिहावं लागेल, आणि कारण लिहायला जागा फार थोडी असते. गाडीने पश्चिम बघायचीच असेल तर आयोवाच्या दक्षिणेतून रोज कॅलिफोर्निया झेफिर जाते. एम्सवरून मोटारीने ओसिओलाला जा आणि तिथे चढ. शिकागो ते सॅन फ्रान्सिस्कोजवळचं एमरीव्हिल, पूर्ण मार्ग २,४३८ मैलांचा, दोन रात्रींच्या वर. साधी खुर्ची घे, डबा बरोबर ने. डेन्व्हर सोडल्यावर डोंगर चढताना मागच्या डब्यात जाऊन बस, वळणावर पुढची इंजिनं दिसतात.

ब्रिटमध्ये काय बघायचं? मुख्य रस्त्यावर जुन्या चीफ थिएटरच्या इमारतीत होबो संग्रहालय आहे. पडदा गेला, वस्तू आल्या. तिथे ‘होबो निकेल’ शोध. १९१३ ते १९३८ या काळातलं पाच सेंटचं नाणं, एका बाजूला अमेरिकी आदिवासीचं मोठं डोकं, दुसरीकडे गवा. डोकं ठसठशीत आणि नाणं जाड, म्हणून कोरायला सोयीचं. रिकाम्या वेळात खिळ्याने, चाकूने त्या चेहऱ्याचा दाढीवाला माणूस करायचा, पिसांच्या जागी गोल टोपी. मी भिंग मागून घेतलं. एका नाण्यावर कानाची पाळी इतकी नीट उठवली होती की कोरणाऱ्याचा कुणीतरी तसाच कान असलेला माणूस ओळखीचा असणार. एका जेवणाच्या बदल्यात गेलं असेल ते. बाहेर विकायला ठेवलेली बहुतेक अलीकडची असतात, जुनं म्हणून पैसे देऊ नकोस.

संग्रहालयात खुणांचा तक्ताही असतो: मांजराचं चित्र म्हणजे घरात दयाळू बाई, असलं. सुंदर आहे, पण त्यावर फार विसंबू नकोस. अशा खुणा खरंच किती वापरात होत्या याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पेपरवाल्यांना आवडायच्या आणि होबोंनाही पेपरवाल्यांना खिजवायला आवडायचं. ज्याचा भक्कम पुरावा आहे ती गोष्ट साधी आहे: टाकीवर, डब्यावर आपलं टोपणनाव, तारीख आणि जायची दिशा. जॅक लंडनने लिहून ठेवलंय की ‘स्कायसेल जॅक’ नावाच्या एका पोराची अशी कोरलेली नावं वाचत तो कॅनडाभर त्याच्यामागे गेला, आणि गाठ पडलीच नाही. एम्सला फाटकावर उभी राहिलीस की वॅगनच्या पत्र्यावर, मोठ्या रंगीत चित्रांच्या खाली, खडूसारख्या पांढऱ्या रेषेत काढलेली छोटी चित्रं दिसतील. तीच परंपरा. काही तर रेल्वे कामगारांनीच काढलेली असतात. आम्हीही काढायचो, पण ते तुझ्या बाबांना विचारू नकोस.

टोपणनावावरून आठवलं: तिथे कुणाला खरं नाव विचारायचं नाही. स्वतःला टोपणनाव लावून जायचं नाही. मिळालं तर दुसऱ्याकडून मिळतं. मला मिळालं होतं. सांगणार नाही.

शनिवारी दुपारी बागेत राजा आणि राणी निवडतात. उमेदवार दोन मिनिटं बोलतो आणि टाळ्या ज्याला जास्त, तो जिंकला. मुकुट कॉफीच्या पत्र्याच्या डब्याचा. टाळ्या वाजवताना हात आखडू नकोस, पण कुणासाठी वाजवायच्या ते आदल्या दोन दिवसांत भांडी घासताना ठरव. ‘स्टीम ट्रेन मॉरी’ म्हणून ओळखला जाणारा मॉरी ग्रॅहॅम पाच वेळा राजा झाला. २००६ मध्ये गेला. त्याच्याबद्दल सगळे भरभरून बोलतात आणि बोलावं असाच होता. पण १९७१ मध्ये तो बायकोला घरी सोडून पुन्हा रुळांवर गेला आणि परतायला त्याला सुमारे दहा वर्षं लागली. बायकोने अखेर त्याला परत घेतलं. तिची गोष्ट मी तिथे दोघा-तिघांना विचारली, आणि प्रत्येकाने पुन्हा मॉरीचीच सांगितली.

जेवणाचं: मुलिगन स्ट्यू नावाचा रस्सा मोठमोठ्या हंड्यांत शिजतो आणि आलेल्या प्रत्येकाला फुकट मिळतो. मूळ कल्पना अशी की एकाकडे बटाटा, एकाकडे कांदा, एकाकडे हाडूक, सगळं एका डब्यात. त्यात मांस असतं. माझ्या गळ्यात माळ, मी पाव आणि उकडलेलं कणीस खाल्लं, आणि कुणी वाईट मानलं नाही. का खात नाहीस हे विचारलं, मी सांगितलं, मग दोघांनी माळेचे मणी मोजले. तू खातेस, तर खा. रिकाम्या हाताने मात्र जाऊ नकोस. कॉफीचा मोठा डबा ने, चांगल्यातला. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि शेकोटीपाशी तर विचारायचाही नाही.

आणि शुक्रवारी सकाळी स्मशानात जायचं चुकवू नकोस. एव्हरग्रीन नावाची दफनभूमी आहे, तिच्या एका कोपऱ्यात होबोंची वेगळी जागा. हातात काठ्या घेऊन सगळे गोल उभे राहतात आणि गेलेल्यांची नावं एकेक करून पुकारतात. मेला म्हणत नाहीत, ‘पश्चिमेची गाडी पकडली’ म्हणतात. दगडांवर टोपणनावंच जास्त. ज्यांना जिवंतपणी कुठल्या गावाने थांबू दिलं नाही, त्यांना या गावाने कायमची जागा दिली, म्हणून मला ब्रिट आवडलं. मी मनातल्या मनात त्या पोराचं नाव घेतलं असतं. पण मी ते विचारलंच नव्हतं त्या रात्री.

बाबांना तू ब्रिटला जातेस एवढं सांग. काकांनी सांगितलंय म्हण.

एक काम आहे. रूळ जंगलाला लागूनच आहेत, संध्याकाळी कधीतरी गाडी जाईल. कुंपणाच्या अलीकडे उभी राहा आणि वॅगन मोज, या वेळी झोपू नकोस. शेवटी ब्रेकयान नसेल. आमची जातच तिथे १९८०च्या दशकात संपायला लागली; इथेही आता आम्हाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, आणि डबा कधी असतो, कधी नसतो. शेवटच्या कपलिंगला एक छोटी पेटी अडकवलेली असते, तिचा लाल दिवा लुकलुकतो. तो दिसला की गाडी पूर्ण आहे, मध्येच तुटलेली नाही, असं समजायचं. आकडा कळव.

तुझा,
काका